दहा बोटं आणि मिस सालोमी

चार ख्रिस्ती माणसं एका खोलीत बसवा, त्यांच्या मधोमध बायबलातलं दानीएलाचं भविष्य ठेवा आणि सगळ्यांना चहा द्या. बाकी काही करावं लागत नाही. किस्से आपोआप साठत जातात. आमच्याकडे इतके साठलेत, की हल्ली कुणाच्या लग्नात नाहीतर मयतीला आम्ही जुनी मंडळी भेटलो की आधी सलाम होतो आणि लगेच कोणीतरी म्हणतं, "मार्थाबाई, तो पोटाचा सांगा." मग मी सांगते. आज सगळेच सांगून टाकते.

आमचा दानीएल क्लास नागपूरच्या सदरमध्ये, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, दर शनिवारी संध्याकाळी भरायचा. शिकवायचे माझे यजमान, शमुवेल. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, पण जीव सगळा बाबेलात. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि शनिवारी क्लासचा चहा करायचे. अडुसष्ट-एकोणसत्तरच्या त्या काळात क्लास सुरू झाला, तेव्हा आम्ही दोघं तिशीत होतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्नात एक प्रचंड पुतळा दिसतो. डोकं सोन्याचं, छाती आणि हात चांदीचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, आणि पावलं अर्धी लोखंडाची, अर्धी मातीची. मग कुणाचा हात न लागता एक धोंडा सुटतो, पावलांवर आदळतो आणि सगळ्या पुतळ्याचा भुगा होतो. दानीएल राजाला अर्थ सांगतो, की ही एकामागून एक येणारी राज्यं आहेत, आणि सोन्याचं डोकं म्हणजे तू. पुढच्या राज्यांची नावं तिथे तो घेत नाही. तेवढं काम त्याने आमच्यावर सोडलं.

शमुवेल यांचा क्रम पक्का होता. सोनं बाबेल, चांदी मेदी-पारसी, पितळ ग्रीस, लोखंड रोम. आणि पावलांची दहा बोटं म्हणजे शेवटच्या काळात जुन्या रोमच्या जागेवर उभी राहणारी दहा राज्यं. ती दहा कोणती, यात आमचं तारुण्य गेलं.

*

राहेलबाई मूळच्या भिवापूरकडच्या. मिरचीची शेती मोठ्या मुलावर सोपवून धाकट्याकडे सदरला राहायला आलेल्या. नबुखद्नेस्सर हे नाव त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही. त्या त्याला 'नब्बूराजा' म्हणायच्या, नात्यातला असल्यासारखं.

एका शनिवारी शमुवेल रोमपर्यंत पोचले होते, तेवढ्यात राहेलबाईंनी हात वर केला. "काहून गा शमुवेल, या पुतळ्यात आपलं नागपूर कोठी हाय?"

शमुवेल म्हणाले, नागपूर नाही, हे जगातल्या मोठ्या साम्राज्यांबद्दल आहे. राहेलबाईंना ते पटलं नाही. आपण ज्या राज्यात राहतो ते सोडून देवाने दुसऱ्यांच्याच राज्यांची एवढी काळजी का करावी, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी स्वतःच अर्थ लावला. सोन्याचं डोकं म्हणजे भोसले. चांदी म्हणजे इंग्रज. पितळ म्हणजे सी. पी. अँड बेरार, नागपूर राजधानी होतं तो काळ. चकाकायचं खूप, पण होतं पितळच. लोखंड म्हणजे मुंबई, कारण तिथून आलेला हुकूम डोक्यावरच पडतो. आणि माती? "माती माह्या घरासमोरच्या रोडवर हाय. येऊन पाहा."

कोणीतरी विचारलं, मग धोंडा कोणता?

"तो यायचा हाय. मी त्याचीच वाट पाहून राहिली."

हॉल हसून लोटपोट झाला. शमुवेल हसले नाहीत. त्यांनी महिनोन्महिने घोटून शिकवलेले मेदी-पारसी कुणाला आठवत नव्हते, आणि राहेलबाईंचे भोसले-इंग्रज दोन दिवसांत सदरभर झाले. पुढच्या रविवारी तर चर्चच्या पाळकसाहेबांनी ते आपल्या संदेशात घेतलं, 'एका विद्वानाच्या मते' असं म्हणून. राहेलबाई पहिल्याच बाकावर होत्या. उपासना सुटल्यावर दारात त्यांनी पाळकसाहेबांचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"तो विद्वान कोन्या गावचा हाय जी?"

पाळकसाहेब म्हणाले, कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं.

"मंग ते पुस्तक भिवापूरचं असंन," राहेलबाई म्हणाल्या, आणि मग हात सोडला.

*

मिस सालोमी आल्या त्या नगरकडून. बायकांमध्ये काम करायला मिशनने पाठवलेल्या. वय माझ्याएवढंच, लग्न केलेलं नाही, पातळ पांढरं, बारीक काठाचं, आणि मराठी इतकी शुद्ध की आमच्या हॉलला तशी ऐकायची सवयच नव्हती. आम्ही 'करून राहिलो' म्हणणारी माणसं. त्या 'करीत आहे' म्हणायच्या, आणि खरंच करत असायच्या.

त्यांच्याकडे फ्लॅनेलचा फळा होता. लाकडी घोडीवर निळं फ्लॅनेल ताणलेलं आणि त्यावर नुसतं टेकवलं की चिकटणारी कापडी चित्रं. सोनेरी डोकं वेगळं, रुपेरी छाती वेगळी, एकेक अवयव सुटा. शमुवेल खडूने पुतळा काढायचे. त्यांचा पुतळा चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा दिसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोवर दुसरा पुतळा कोणी पाहिला नव्हता.

पहिल्याच शनिवारी मिस सालोमींनी अगदी नम्रपणे विचारलं, आज मी थोडं दाखवू का? नाही कसं म्हणणार? शमुवेल मागे माझ्या शेजारी येऊन बसले. मिस एकेक अवयव लावत गेल्या. पितळेच्या मांड्यांपर्यंत आल्या तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नव्हतं. शमुवेल उठले, फार उकडतंय म्हणाले आणि त्यांनी पंखा लावला.

सोन्याचं डोकं सुटलं आणि भिरभिरत राहेलबाईंच्या मांडीवर जाऊन पडलं.

मिस सालोमी जराही गडबडल्या नाहीत. डोक्याकडे पाहून म्हणाल्या, "बाबेलचं राज्य असंच गेलं. बसल्या जागी, मेजवानी चालू असताना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दानीएल क्लासात त्याआधी कधी टाळ्या वाजल्या नव्हत्या.

घरी जेवताना शमुवेल म्हणाले, चित्रं लावून काय, कोणीही शिकवेल. मी पोळी वाढली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "चित्रं बरी होती का?"

मी म्हटलं, छान होती.

"तुले खडूची आवडत नाहीत का मग?"

आवडतात, म्हटलं. यावर ते इतकंच म्हणाले, की पंखा त्यांनी उकडत होतं म्हणूनच लावला. मी काही विचारलंच नव्हतं.

*

त्यानंतर दर शनिवारी दोघांचं भांडण ठरलेलं. भांडण म्हणजे अगदी सभ्य, 'शमुवेलराव' आणि 'मिस' असं, पण एकाने खांब रोवला की दुसऱ्याने हलवून पाहायचा. लोक त्यासाठीच येऊ लागले. क्लास भरला, तसे शमुवेल आणखी कासावीस झाले, कारण गर्दी नक्की कुणासाठी आहे ते कळायला मार्ग नव्हता.

युरोपातल्या देशांचा कॉमन मार्केट तेव्हा पेपरात गाजत होता. सहा देश आधीचे होते, आणखी चार येणार म्हणून बातमी आली. सहा आणि चार, दहा. आणि त्याची स्थापना झाली ती खुद्द रोममध्ये. शमुवेल यांनी पेपर माझ्यासमोर धरला आणि देश बोटांवर मोजून दाखवले. त्यांनी खास क्लास जाहीर केला, नातेवाइकांना बोलावलं. मी चिवडा केला. फळ्यावर त्यांनी नुसते दोन पाय काढले, खूप मोठे, आणि एकेका बोटावर एकेका देशाचं नाव लिहिलं.

मिस सालोमी म्हणाल्या, सह्या झाल्या असल्या तरी काही देशांत लोकांचा कौल अजून घ्यायचा आहे, तेव्हा बोटं लावायची घाई नको. शमुवेल हसले. त्या हसण्यात इतका आनंद होता की मला त्यांची भीतीच वाटली.

मग नॉर्वेच्या लोकांनी 'नको' म्हणून कौल दिला.

ती बातमी शमुवेल यांनी उभ्याउभ्या वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. संध्याकाळी मला म्हणाले, "त्या लोकाइले कोणी दानीएल शिकवला नसंन का?" आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, नॉर्वेबद्दल.

शनिवारी मिस सालोमींनी एक शब्द काढला नाही. हे सगळ्यात जास्त लागलं. शेवटी शमुवेल यांनाच राहवेना. ते म्हणाले, एक बोट कमी असलं तरी पाऊल ते पाऊलच.

राहेलबाईंनी लगेच दुजोरा दिला. त्यांच्या दिराचं एक बोट बैलगाडीखाली गेलेलं. "नऊ बोटांवर बराबर चालते गा. फक्त पंगतीत बसला का सगळे लोक त्याच्या पायाकडेच पाहतेत."

पुढे कितीतरी वर्षं शमुवेल फळ्यावर पुतळा काढायचे ते गुडघ्यापर्यंतच.

*

आता माझं. मी काही देवदूत नाही. घरात जेवताना 'मिस म्हणतात' हे दोन शब्द मिठासारखे पानात पडू लागले. मिस म्हणतात लोखंड म्हणजे नुसतं बळ. मिस म्हणतात मातीचा अर्थ सामान्य लोक. शनिवारी दुपारी शमुवेल स्वतः शर्टाला इस्त्री करू लागले. ते तिच्याशी भांडायला जायचे हे मला कळत होतं. पण माझ्याशी भांडायला त्यांनी कधी इस्त्री केली नव्हती.

लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी मला ब्राऊन पेपरात बांधलेलं एक पार्सल दिलं. चपटं आणि जड. सीताबर्डीच्या दुकानातली निळी साडी मी दोनदा हात लावून ठेवली होती, ते त्यांनी पाहिलं असणार असं मला वाटलं. सोडलं तर आत जगाचे नकाशे.

"आपल्या दोघांसाठी," ते म्हणाले.

मी पुस्तक उघडलं. ते आपणहून युरोपच्या पानावर उघडलं.

मग मीही ठरवलं. दुपारी शाळेतून आल्यावर दार लावून वाचायला बसायची. पुतळा तर सगळ्यांना पाठ होता, म्हणून मी पुढे सातव्या अध्यायातली श्वापदं घेतली. सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचं ते चौथं, तीही राज्यंच. महिनाभर शाळेच्या वह्या बाजूला ठेवून मी श्वापदं केली. आणि एका संध्याकाळी, पुडाची वडी पानात वाढताना, सहज सुचल्यासारखं म्हटलं, "अहो, ते अस्वल एका अंगावर उठलेलं आहे. मेदी आणि पारसी यांत पारसी वरचढ होते, म्हणून तर नसेल तसं?"

शमुवेल यांचा घास हातातच थांबला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला लग्न ठरलं ती दुपार आठवली.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "मिसचंही हेच मत हाय."

मी उरलेल्या वड्या आत नेऊन ठेवल्या.

*

पाळकसाहेबांचं दुखणं वेगळं होतं. शनिवारी हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसायची आणि रविवारी चर्चच्या बाकांवर पाय पसरून बसता यायचं. ते शमुवेल यांना भेटले की क्लासची चौकशी करायचे, आणि चौकशी करताना त्यांचा चेहरा दात दुखणाऱ्या माणसासारखा असायचा.

मग ते स्कायलॅब प्रकरण आलं. अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा कोसळणार, आणि कुठे कोसळेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नागपूर तर देशाच्या मध्यावर, तेव्हा आमच्यावरच पडणार अशी आमची खात्री. कोणीतरी क्लासात ओरडलं, हाच तो धोंडा. झालं. शनिवारी हॉलच्या खिडक्यांत माणसं. आणि रविवारी चर्चमध्ये इतकी गर्दी की पाळकसाहेबांना नाताळ वाटला. कधी न येणारे लोक आले, आणि पुढच्या बाकांवर बसले.

शमुवेल आणि मिस सालोमी यांचं त्या आठवड्यात चारचौघांत पहिल्यांदा एकमत झालं. धोंडा कुणाचा हात न लागता सुटलेला आहे, आणि ही वस्तू तर माणसाच्या हातांनीच केलेली, तेव्हा हा तो धोंडा नव्हे. दोघं मिळून ते सांगायला पाळकसाहेबांकडे गेले. मिळून गेले, म्हणून मीही गेले.

पाळकसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुद्दा बिनतोड आहे म्हणाले. मग खिडकीतून जरा वर पाहून म्हणाले, "पण पडू द्या आधी. मग सांगा."

ती ऑस्ट्रेलियाकडे पडली. पुढच्या रविवारी बाक पुन्हा मोकळे. पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या, गीत झालं, संदेश झाला. शेवटच्या प्रार्थनेत त्यांनी आजारी माणसांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची आठवण केली, आणि मग अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची. या अपयशाने त्यांनी खचून जाऊ नये, पुन्हा प्रयत्न करावा, असं मागणं त्यांनी मनापासून मागितलं.

*

पोटाचा किस्सा तो हा.

नॉर्वेची जागा बरीच वर्षं रिकामी राहिली. अखेर एका नव्या वर्षाच्या सुरुवातीला ग्रीस कॉमन मार्केटमध्ये आला आणि देश दहा झाले. शमुवेल तोवर पन्नाशीला आलेले, केस पांढरे. त्यांनी त्या शनिवारी क्लासला संत्राबर्फी नेली. फळ्यावर पुन्हा दोन पाय काढले आणि दहावं नाव लिहिताना खडू इतका दाबला की तो मोडला.

मिस सालोमी थांबल्या. सगळ्यांची बर्फी खाऊन होऊ दिली. मग म्हणाल्या, "शमुवेलराव, एक लहानशी शंका. ग्रीस म्हणजे पितळेचं पोट ना? इतकी वर्षं आपण असंच शिकलो. मग पोट बोटात कसं आलं?"

शमुवेल बर्फीचा रिकामा डबा हातात घेऊन उभे. हॉलमध्ये लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण प्रश्न खरोखर चांगला होता.

तेवढ्यात राहेलबाई म्हणाल्या, "वय झालं का पोट खालीच येते, मिस. माह्याकडे पाहा."

असा हॉल मी पुन्हा हसलेला पाहिला नाही. पाळकसाहेब बाहेरून जात होते, ते काय झालं म्हणून आत आले. मिस सालोमींनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. शमुवेलही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हसताना ते राहेलबाईंकडे पाहत नव्हते. मिस सालोमींकडे पाहत होते.

मी कप धुवायला गेले. कप धुऊन झालेले होते. ते मी पुन्हा धुतले.

*

एकदा मिस सालोमींना मुदतीचा ताप आला. शमुवेल क्लास एकटेच घेत होते. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि पुढच्या बाकाच्या टोकाकडे पाहायचे, जिथे त्या बसायच्या. एका रविवारी मला म्हणाले, "तूच जाऊन ये. मी गेलो तर बरं दिसत नाही."

मी मुगाची खिचडी घेऊन गेले. मनात असं होतं, की डबा दारात द्यायचा आणि परत फिरायचं. मिशनच्या बायकांच्या होस्टेलात वरच्या मजल्यावर त्यांची खोली. खाट, टेबल, एक खुर्ची. फळ्याची घोडी भिंतीला लावलेली. मिस सालोमी निम्म्या झाल्या होत्या. केस मोकळे, पांढरे. मी खुर्चीवर बसले.

त्यांनी पहिला प्रश्न केला तो हा, की शमुवेलरावांनी शनिवारी काय शिकवलं. मी सांगितलं, चांदीचे दोन हात म्हणजे मेदी आणि पारसी. त्या उशीवरून उठून बसल्या.

"आणि कोणी काही बोललं नाही?"

नाही, म्हटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अहो, मग दोन मांड्यांचं काय करणार ते? दोन पायांचं? प्रत्येक अवयवाचे दोन दोन तुकडे करत बसायचं का?" त्यांच्या गालावर रंग आला होता. खिचडी त्यांनी बोलता बोलता संपवली. मी डबा घेऊन उठले तेव्हा जरा शांत होऊन त्यांनी विचारलं, "मार्थाबाई, तुम्ही घरी भांडता का हो त्यांच्याशी?"

कशावरून, मी विचारलं.

"कशावरूनही. मी इथे आले की बोलणंच बंद. शनिवारचं सगळं डोक्यात उकळत असतं, आणि बोलायला ही घोडी. तुमच्याकडे तो माणूस रोज घरी येतो." त्या हसल्या. "पाप आहे म्हणा. पण मला तुमचा फार हेवा वाटतो."

मी पायऱ्या उतरून खाली आले. सदरच्या दुकानांवरून चालत घरापर्यंत मी धुमसत होते. इतकी वर्षं मी एक हेवा नीट सांभाळून ठेवला होता, आणि तो आता धड करताही येणार नव्हता.

घरी शमुवेल दारातच उभे होते. काय म्हणाल्या, विचारलं. मी सांगितलं, दोन हातांचं चुकलंय तुमचं.

ते म्हणाले, "कशी हाय तब्येत, ते विचारलं मी." पण चेहरा खुलला होता.

*

मिस सालोमी निवृत्त झाल्या आणि नगरला भावाकडे गेल्या. फ्लॅनेलचा फळा त्यांनी क्लासला देऊ केला. शमुवेल म्हणाले, तो तुमच्याच हाती शोभतो, घेऊन जा. निरोपाचं भाषण त्यांनीच केलं. त्यात त्यांनी मिस सालोमींच्या सगळ्या चुकांची यादी सांगितली, पुतळ्याच्या डोक्यापासून सुरू करून. लोकांना ते विचित्र वाटलं. मिस सालोमी मात्र प्रत्येक चुकीला मान हलवून 'नाही' म्हणत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

त्यानंतर शमुवेल यांना हवं ते सगळं मिळालं. क्लास पूर्ण त्यांचा झाला. ते बोलायचे, लोक माना डोलवायचे. कुणी हात वर करायचं नाही. राहेलबाई आता पंच्याहत्तरीच्या झाल्या होत्या, भिंतीला टेकून डुलक्या काढायच्या. शनिवारी शर्टाला इस्त्री राहिली नाही. एकदा मी करून ठेवली, तर ते म्हणाले, काय करायचं आहे, कोण पाहून राहिलं.

मग स्पेन आणि पोर्तुगाल आले. कॉमन मार्केटमध्ये बारा देश झाले.

त्या शनिवारी मी चहा घेऊन हॉलमध्ये आले तेव्हा शमुवेल फळ्यापाशी होते, पाठ लोकांकडे. दोन पाय काढलेले, दहा नावं लिहिलेली. ते सांगत होते, की दोन देश लवकरच गळतील आणि दहा उरतील. आवाजात जोर नव्हता. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणत होते. लोकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबसुद्धा तिथे होते, त्यांनीही डोलावली. कुणालाच काही पडलेली नव्हती, बारा असोत की दहा.

मी ट्रे बाकावर ठेवला. एवढ्या वर्षांत त्या हॉलमध्ये 'साखर कमी कोणाला' याखेरीज मी काही बोलले नव्हते. मी उभ्यानेच म्हटलं, "कशावरून गळतील?"

शमुवेल खडू तसाच फळ्यावर धरून म्हणाले, बोटं दहा आहेत म्हणून.

"पुतळ्याला बोटं आहेत एवढंच तिथे लिहिलंय," मी म्हटलं. "दहा आहेत असं त्या स्वप्नात कुठेही लिहिलेलं नाही. आकडा तुम्ही घातलाय. मी चारदा वाचून पाहिलं."

हॉलमध्ये बाक करकरले. राहेलबाईंनी डोळे उघडले. मी पाहिलं, शमुवेल यांची पाठ ताठ झाली. खडू फळ्यावरून उचलला गेला. आणि वळायच्या आधीच, त्या जुन्या, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "आणि मग चौथ्या श्वापदाच्या दहा शिंगांचं काय करणार तुम्ही, मिस?"

मग ते वळले.

पाळकसाहेब जमिनीकडे पाहू लागले. शमुवेल खडू धरलेला हात तसाच वर ठेवून माझ्याकडे पाहत होते.

मी खाली बसले नाही. म्हटलं, "शिंगांकडे येऊ. आधी बोटांचं बोला."